बेगम रोकेया : बंद दारामागची लेखिका

वाचकहो, मुलीचे नाव शाळेत घालताना आज आपल्याला कोणी अडवीत नाही. पण शंभर वर्षांपूर्वी हेच काम किती अवघड होते, ते जाणून घ्यायचे असेल तर बंगालच्या बेगम रोकेया सखावत हुसेन यांच्या जीवनाकडे पाहा.

रोकेया यांचा जन्म १८८० साली रंगपूर जिल्ह्यातील पायराबंद येथे जमीनदार घराण्यात झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. घरात अरबी, फार्सी व उर्दूला मान होता. परंतु खानदानी मुलीने बंगाली वा इंग्रजी शिकणे कमीपणाचे समजले जाई. कलकत्त्यास शिकलेले थोरले बंधू इब्राहीम रात्री सर्वजण झोपल्यावर मेणबत्तीच्या उजेडात बहिणीला शिकवीत. थोरली बहीण करीमुन्निसा हिने बंगालीची गोडी लावली. शाळेची पायरीही न चढलेली ही मुलगी पुढे दोन्ही भाषांत लेखिका झाली!

भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट सय्यद सखावत हुसेन यांच्याशी त्यांचा निकाह झाला. पती उर्दूभाषिक, विधुर व वयाने बरेच मोठे. पण त्यांनी पत्नीला लिहिण्यास उत्तेजन दिले. १९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात रोकेयांची ‘सुलतानाज् ड्रीम’ ही कथा प्रसिद्ध झाली. तिच्यातील देशात पुरुष घराच्या आत राहतात आणि स्त्रिया राज्य चालवितात. तेथे स्त्रियांची विद्यापीठे आहेत. त्या सूर्याच्या उष्णतेवर अन्न शिजवितात आणि शत्रूलाही सूर्यकिरणांनीच पळवून लावतात. वाचकाला हसू येते, आणि हसता हसता आपल्याच घरातील बंद दार त्याला दिसू लागते. कथेची ताकद ती हीच.

दोन्ही मुली तान्ह्या वयातच गेल्या. १९०९ साली पतीही निवर्तले. शाळेसाठी त्यांनी दहा हजार रुपये ठेवले होते. रोकेयांनी भागलपूरला पाच मुलींची शाळा काढली. पण घरच्या कलहामुळे गाव सोडावे लागले. १६ मार्च १९११ रोजी कलकत्त्यात अवघ्या आठ मुलींना घेऊन सखावत मेमोरियल शाळा पुन्हा सुरू झाली. शाळा कशी चालवितात हे शिकण्यासाठी त्या स्वतः इतर समाजांच्या शाळा पाहून आल्या.

मुलींना आणण्यासाठी मोटार आली. परदा राहावा म्हणून ती इतकी बंद केली होती की आत अंधार व उकाड्याने मुली बेशुद्ध पडू लागल्या. मग पडदे लावले, तर ते वाऱ्याने उडतात म्हणून धमकीची पत्रे आली! मुली गुदमरल्या तर पालक नाराज, पडदा हलला तर समाज नाराज. रोकेया डगमगल्या नाहीत. त्या स्वतः बुरखा घेत, घरोघरी जाऊन पालकांना समजावीत. इस्लामने स्त्रीला तालीमचा हक्क दिला आहे, तो आपणच हिरावून घेतला, असे त्या निर्भयपणे मांडीत. १९१६ साली त्यांनी स्त्रियांची अंजुमनही स्थापिली.

त्यांची ‘पद्मराग’ ही कादंबरी १९२४ साली आली. तिच्यातील तारिणी भवनात हिंदू, मुसलमान, ब्राह्मो, ख्रिस्ती अशा दुखावलेल्या स्त्रिया एकत्र राहतात, मुलींना शिकवितात, रोग्यांची सेवा करतात. तेथे कोणी कोणाचा धर्म बदलावयास जात नाही. वाचकहो, आजही आपल्याला असे घर हवेच आहे ना?

९ डिसेंबर १९३२ रोजी रोकेया अल्लाहला प्यारी झाल्या. त्यांची शाळा कलकत्त्यात आजही चालू आहे. बांगलादेशात ९ डिसेंबर हा रोकेया दिन म्हणून पाळतात. एवढेच नव्हे, तर दूर स्पेनमधील इसाबेल हेर्गेरा यांनी त्यांच्या त्या छोट्या कथेपासून स्फूर्ती घेऊन २०२३ साली एक चित्रपट काढला. रात्री चोरून शिकलेल्या मुलीची लेखणी केवढा पल्ला गाठते ते पाहा.

पालकहो, दहावी झाली की बस झाले, असे मुलीला सांगण्यापूर्वी त्या मेणबत्तीची आठवण ठेवा. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरात एखादी बहीण शिकायची राहून गेली असेल, तर तिचे इब्राहीम तुम्ही व्हा.