थोरले माधवराव पेशवे

थोरले माधवराव पेशवे (फेब्रुवारी १७४५, सावनूर – १८ नोव्हेंबर १७७२, थेऊर) हे मराठा साम्राज्याचे भट घराण्यातील चौथे पेशवे होते. पानिपतच्या पराभवानंतर खचलेली मराठी सत्ता त्यांनी अकरा वर्षांत पुन्हा उभी केली. त्यांच्या आयुष्याचा अखेरचा काळ पुणे-सोलापूर मार्गावरील लोणी काळभोरनजीकच्या थेऊर येथे गेला.

प्रारंभिक जीवन

माधवराव हे नानासाहेब पेशवे व गोपिकाबाई यांचे द्वितीय पुत्र होत. थोरले बंधू विश्वासराव १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मारले गेले आणि त्याच वर्षी २३ जून रोजी नानासाहेबांचे निधन झाले. त्यामुळे वयाच्या सतराव्या वर्षी माधवरावांकडे पेशवेपद आले. राज्य कर्जात बुडालेले होते आणि चुलते रघुनाथराव यांना कारभार स्वतःच्या हाती हवा होता.

गृहकलह आणि निजाम

या कलहाने लवकरच युद्धाचे रूप घेतले. नोव्हेंबर १७६२ मध्ये रघुनाथरावांनी निजामाच्या साहाय्याने आळेगाव येथे माधवरावांचा पराभव केला. राज्यात फूट वाढू नये म्हणून माधवराव स्वतः चुलत्यांच्या स्वाधीन झाले. पुढच्या वर्षी निजामाने पुण्याची लूट व जाळपोळ केली. १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदावरीकाठी राक्षसभुवन येथे मराठ्यांनी त्याला गाठले. निजामाचे सैन्य नदीच्या दोन तीरांवर विभागले गेले असताना हा हल्ला झाला व त्यात निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. या लढाईतील पराक्रमामुळे राज्यकारभाराची सूत्रे क्रमाने माधवरावांकडे आली. रघुनाथरावांनी पुन्हा बंड केले, तेव्हा जून १७६८ मध्ये धोडप येथे त्यांचा पराभव करून त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवण्यात आले.

मोहिमा

म्हैसूरच्या हैदरअलीविरुद्ध माधवरावांनी कर्नाटकात लागोपाठ स्वाऱ्या केल्या. नागपूरकर जानोजी भोसले यांना १७६९ मध्ये कनकापूरचा तह मान्य करावा लागला. त्याच वर्षी रामचंद्र गणेश कानडे व विसाजी कृष्ण बिनीवाले यांच्या हाताखाली उत्तरेकडे फौज रवाना झाली. महादजी शिंदे व तुकोजी होळकर हेही या मोहिमेत होते. १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली ताब्यात घेतली आणि जानेवारी १७७२ मध्ये बादशहा शाह आलम (दुसरा) याने त्यांच्या संरक्षणाखाली राजधानीत प्रवेश केला. पानिपतची हानी अशा रीतीने पुष्कळ अंशी भरून निघाली.

राज्यकारभार

माधवरावांनी वेठबिगारीला आळा घातला व लाचखाऊ अधिकाऱ्यांवर जरब बसविली. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांना त्यांचा पूर्ण पाठिंबा होता. माधवराव पूजाअर्चेत अधिक वेळ घालवू लागले, तेव्हा रामशास्त्रींनी त्यांना राजधर्माची आठवण करून दिली व त्यांनी ती मानली, अशी कथा प्रसिद्ध आहे.

आजारपण आणि मृत्यू

क्षयरोग बळावल्याने १७७० मध्ये माधवरावांना कर्नाटकच्या स्वारीतून परतावे लागले आणि मोहीम त्र्यंबकराव पेठे यांच्याकडे सोपवावी लागली. थेऊरच्या चिंतामणीवर त्यांची श्रद्धा होती. अष्टविनायकांपैकी असलेल्या या मंदिराचा लाकडी सभामंडप त्यांनी बांधविला. अखेरच्या दिवसांत ते येथेच राहून कारभार पाहत असत. राज्यावरील कर्ज फेडण्याविषयी त्यांनी निरवानिरव केली आणि धाकटे बंधू नारायणराव यांना उत्तराधिकारी ठरवून रघुनाथरावांशी समेट घडवून आणण्याचा प्रयत्न केला. कार्तिक वद्य अष्टमीस वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. पत्नी रमाबाई थेऊर येथेच सती गेल्या. त्यांचे स्मारक तेथे आहे.

वारसा

माधवरावांनी घडवून आणलेला समेट टिकला नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि रघुनाथराव पुढे इंग्रजांच्या आश्रयास गेले. त्यातूनच पहिले इंग्रज-मराठा युद्ध उद्भवले. राज्याची घडी माधवरावांच्या व्यक्तिगत करारीपणावर किती अवलंबून होती, हे त्यांच्या पश्चात नऊ महिन्यांतच दिसून आले. इतिहासकार ग्रँट डफ यांनी त्यांच्या अकाली मृत्यूची गणना पानिपतच्या तोडीच्या आघातात केली आहे. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) ही कादंबरी माधवरावांच्या जीवनावर आधारित असून तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे.