इतिहासाचार्य राजवाडे कोण होते? धुळ्यातील एका ज्ञानभांडाराची गोष्ट

दरवर्षी 12 ऑगस्टला एस. आर. रंगनाथन यांच्या जयंतीनिमित्त देशभर ग्रंथपाल दिन साजरा होतो. खानदेशात ग्रंथ आणि कागद जपणाऱ्यांची आठवण काढताना आणखी एक नाव घ्यावे लागते. ते म्हणजे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे.

सुरुवातीचे आयुष्य

राजवाडे यांचा जन्म 24 जून 1863 रोजी, आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसई येथे झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते शिकले. काही काळ त्यांनी शिक्षकाची नोकरीही केली. पत्नीचे निधन लवकर झाले. त्यानंतर त्यांनी पुन्हा लग्न केले नाही आणि सारे आयुष्य संशोधनाला दिले.

कागद वाचवण्याची धडपड

मराठ्यांच्या काळातील पत्रे, हिशेब आणि सनदा त्या वेळी गावोगावच्या वाड्यांत रुमालांत बांधून पडलेल्या होत्या. बहुतेक मजकूर मोडी लिपीत होता आणि नव्या पिढीला मोडी वाचता येईनाशी झाली होती. कसर, वाळवी आणि पावसाची ओल यांनी दप्तरेच्या दप्तरे नष्ट होत होती. राजवाडे गावोगाव फिरले, घरमालकांची मनधरणी केली, कागद मिळवून वाचले आणि त्यांच्या नकला केल्या.

त्यांतूनच 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. पानिपतापूर्वीच्या आणि पानिपताच्या काळातील पत्रे त्यात आहेत. या मालेचे एकूण 22 खंड झाले. मूळ कागद हरवला, तरी छापील मजकूर उरेल, ही सोय त्यामुळे झाली. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. त्यांनी आपले लेखन आग्रहाने मराठीतच केले.

धुळ्याशी नाते

स्वभावाने ते तापट होते. मतभेद झाले की माघार घेत नसत. आयुष्याच्या अखेरीस ते धुळ्यात आले आणि 31 डिसेंबर 1926 रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. प्रश्न होता तो त्यांनी जमवलेल्या संग्रहाचा. तो विखुरला असता, तर आयुष्यभराची मेहनत वाया गेली असती. धुळेकरांनी वेळ दवडली नाही. जानेवारी 1927 मध्येच राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. तिथे कागदपत्रे, हस्तलिखिते, नाणी आणि शिल्पे जपली गेली.

राजवाडे यांचे काही निष्कर्ष पुढच्या अभ्यासकांनी खोडून काढले. पण त्यासाठी लागणारे अनेक पुरावेही राजवाडे यांनीच वाचवून ठेवलेले होते.