पोरांच्या हाती चित्रांचं पुस्तक देणारे कोमेनियस

योहान कोमेनियस १५९२ साली आजच्या चेक देशातल्या मोराविया भागात जन्मले. आईबाप लहानपणीच गेले. त्या काळी शाळेत लॅटिन घोकायचं, चुकलं की मार. पुढं ते धर्मगुरू अन् शिक्षक झाले. साथीत बायको आणि दोन मुलं गेली, धर्मावरून देश सुटला. १६५६ च्या युद्धात पोलंडमधलं घर जळालं. चाळीसेक वर्षं जमवलेल्या शब्दकोशाची राख झाली. दुसऱ्या कुणी लेखणीच टाकली असती.

दोनच वर्षांनी, १६५८ ला, न्यूरेंबर्गला त्यांचं मुलांसाठीचं पुस्तक छापून आलं. दीडशे चित्रं. चित्रातल्या वस्तूंना आकडे, तेच आकडे खाली लॅटिन अन् जर्मन शब्दांना. म्हणजे पोरानं आधी बघायचं, मग वाचायचं. मुळाक्षरंसुद्धा आवाजावरून, पहिलाच मान कावळ्याला!

१६७० मध्ये ॲमस्टरडॅमला, परक्या मुलखातच ते वारले. पुस्तक मात्र युरोपातल्या शाळांत पुढं शंभरावर वर्षं चाललं.