बाईने तिकीट लावून गायचं? हिराबाई बडोदेकरांनी ते करून दाखवलं

डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरात किंवा ठाण्याच्या गडकरी रंगायतनला एखाद्या गायिकेची मैफल असली की घरंच्या घरं तिकीट काढून जातात. आजी, सून, नात एका रांगेत. मध्यंतरात बटाटावडा. गाणारी बाई कुणाची मुलगी, कुठल्या घरातली, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

शंभर वर्षांपूर्वी मात्र हाच पहिला प्रश्न असायचा.

तेव्हा बायका गात नव्हत्या असं नाही. उलट उत्तम गात होत्या. पण त्या देवळाशी बांधलेल्या कलावंत घराण्यांतल्या, नाहीतर कोठ्यावरच्या. त्यांचं गाणं श्रीमंतांच्या दिवाणखान्यात व्हायचं, ऐकायला पुरुष बसायचे. गाण्याला दाद मिळायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाईला कुणी आपल्या घरात पानावर बसवायचं नाही.

अशा काळात, १९०५ साली, मिरजेत चंपाकली नावाची मुलगी जन्मली. हीच पुढची हिराबाई.

वडील किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ. आई ताराबाई माने, बडोद्याच्या एका सरदाराची मुलगी. खाँसाहेब बडोदा दरबारात गायचे आणि ताराबाईंना गाणं शिकवायचे. दोघांचं प्रेम जमलं आणि त्यांनी बडोदं सोडलं. त्या काळात हा केवढा गहजब झाला असेल, याची कल्पना आजही सहज करता येईल.

पण संसार टिकला नाही. १९२२च्या सुमारास ताराबाई पाच मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावंही बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, सकीनाची सरस्वती आणि चंपाकलीची हिराबाई. वडिलांचं नाव गेलं, मागे राहिलं ते आईचं माहेर आणि आईचं गाव. बडोदेकर हे आडनाव तिथूनच आलेलं.

हिराबाई शिकल्या भाऊ सुरेशबाबूंकडे आणि उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे. आवाज बारीक, गोड, सुराला पक्का. विशीच्या आतच त्या विष्णू दिगंबर पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या परिषदेत गायल्या.

आणि मग तिकिटाची गोष्ट.

मराठी मुलखात तिकीट लावून गाण्याचा जाहीर जलसा करणारी पहिली स्त्री म्हणून हिराबाईंचं नाव घेतलं जातं. आज यात विशेष वाटणार नाही. पण तिकिटाने काय बदललं ते बघा. दिवाणखान्यात गाणारी बाई यजमानाच्या मर्जीवर असायची. थिएटरात मात्र पैसे भरून कुणीही यायचं, गाणं ऐकायचं आणि घरी जायचं. बाईवर कुणाचा हक्क नाही. शिवाय तिथे बायकाही ऐकायला येऊ शकत होत्या.

हा बदल झाला तो त्याच दशकात, ज्यात कल्याणला गायन समाज उभा राहिला. गाणं दिवाणखान्यातून गावाच्या संस्थेत येत होतं.

हिराबाई मंचावर कशा बसायच्या, यालाही अर्थ होता. डोक्यावर किंवा दोन्ही खांद्यांवर पदर, हातवारे नाहीत, श्रोत्यांशी नजरेचे खेळ नाहीत. ख्याल, ठुमरी, नाट्यपद, भजन, सगळं त्याच शांतपणे. घरोघरच्या आयांना वाटू लागलं, आपल्या मुलीनेही असं गायला काय हरकत आहे?

याला दुसरी बाजूही होती. आब राखून गाणारी ती चांगली बाई, असा एक नवा मापदंड तयार झाला, आणि त्यात न बसणाऱ्या किती तरी गायिका मागे ढकलल्या गेल्या. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर रेडिओनेही खासगी आयुष्यावर बोट ठेवून गायिकांना दारं बंद केली. गाणं ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलं, त्यांनाच.

हे फक्त आपल्याकडेच घडत होतं असंही नाही. १९३९ साली अमेरिकेत मॅरियन अँडरसन या कृष्णवर्णीय गायिकेला वॉशिंग्टनच्या मोठ्या सभागृहाने जागा नाकारली. मग ती लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर गायली आणि ऐकायला सुमारे ७५ हजार माणसं जमली.

हिराबाईंचं धाडस गाण्यापुरतं नव्हतं. १९२९ साली या कुटुंबाने नाटक मंडळी काढली आणि बायकांच्या भूमिका बायकांनाच दिल्या. बालगंधर्वांना साडीत बघायची सवय असलेल्या प्रेक्षकांना हे पचणं सोपं नव्हतं. मंडळी काही वर्षांत बुडाली, कर्ज झालं. ते हिराबाईंनी जलसे करून फेडलं.

नंतर मान खूप मिळाले. सरोजिनी नायडूंनी त्यांना गानकोकिळा म्हटलं. १९५३ साली त्या सांस्कृतिक शिष्टमंडळासोबत चीनला गेल्या. १९६५ला संगीत नाटक अकादमी पुरस्कार, १९७०ला पद्मभूषण. धाकट्या बहिणीबरोबर, सरस्वती राणे यांच्याबरोबर, त्यांनी जुगलबंदी सुरू केली. दोन बायकांनी एका मंचावर ख्याल मांडायचा, हेही तेव्हा नवंच होतं.

२० नोव्हेंबर १९८९ला हिराबाई गेल्या. त्यांच्याकडे आणि सुरेशबाबूंकडे शिकलेल्या प्रभा अत्रे मात्र पुढची तीन दशकं गात राहिल्या. प्रभाताई कलावंत घराण्यातल्या नव्हत्या, घरात गाण्याची परंपराही नव्हती. विज्ञान आणि कायद्याची पदवी घेतलेली पुण्याची मुलगी, आणि गायची स्वतः बांधलेल्या बंदिशी.