नाटकातल्या जॉन प्रॉक्टरनं नाव वाचवलं, खऱ्या जॉन प्रॉक्टरनं मात्र न्यायाधीश बदलून मागितले होते

22 जानेवारी 1953. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आर्थर मिलर यांचं 'द क्रूसिबल' हे नाटक पहिल्यांदा रंगमंचावर आलं. नाटकाच्या शेवटी जॉन प्रॉक्टर नावाचा शेतकरी जीव वाचवण्यासाठी खोट्या कबुलीवर सही करतो. पण तो कागद गावाला दाखवायला चर्चच्या दारावर लावणार, हे कळताच कागद फाडतो आणि फासावर जातो. जीव गेला तरी चालेल, नाव जाऊ द्यायचं नाही, हा त्याचा बाणा.

तेव्हापासून जगभरात जॉन प्रॉक्टर म्हटलं की हाच माणूस डोळ्यासमोर येतो. पण जॉन प्रॉक्टर खरोखर होऊन गेला. 1692 साली अमेरिकेतल्या सेलममध्ये त्याला खरोखर फाशी झाली. आणि त्याची खरी गोष्ट नाटकापेक्षा बरीच वेगळी आहे.

कोण होता हा प्रॉक्टर?

जॉनचा जन्म इंग्लंडमधला, 1630 च्या दशकाच्या सुरुवातीचा. 1635 मध्ये त्याचे आईवडील त्याला घेऊन जहाजानं मॅसॅच्युसेट्सला आले आणि इप्सविचला स्थायिक झाले. वडिलांनी तिथं चांगली जमीनजुमला केली. 1666 मध्ये जॉन सेलमच्या हद्दीत आला आणि त्यानं एक मोठं शेत कसायला घेतलं. ही जागा आज पीबॉडी शहरात येते.

शेतापासून इप्सविचचा रस्ता जायचा. येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ बघून त्यानं 1668 मध्ये दारू आणि जेवणाच्या खानावळीचा परवाना काढला. धंदा चालला आणि पैसा आला. दोन बायका वारल्यावर 1674 मध्ये त्यानं एलिझाबेथ बॅसेटशी तिसरं लग्न केलं. या एलिझाबेथच्या आजीवर याआधीच चेटकीण असल्याचा संशय घेतला गेला होता, ही गोष्ट पुढे महागात पडणार होती.

आता नाटकातला फरक बघा. मिलर यांचा प्रॉक्टर पस्तिशीचा आहे आणि 17 वर्षांच्या ॲबिगेलशी त्याचे संबंध होते. प्रत्यक्षात 1692 मध्ये प्रॉक्टर साठीचा होता आणि ॲबिगेल विल्यम्स जेमतेम 11-12 वर्षांची. त्यांच्यात असं काही होतं याचा एकही पुरावा नाही. ॲबिगेलचं वय वाढवल्याचं मिलर यांनीही नाटकाच्या टिपणात मान्य केलंय.

मग तो अडकला कशामुळं? तर तोंडामुळं.

सगळ्यांसमोर बोलला आणि फसला

1692 च्या जानेवारीत सेलम व्हिलेजचे धर्मोपदेशक सॅम्युएल पॅरिस यांच्या घरातल्या दोन मुलींना झटके यायला लागले. एक त्यांची मुलगी बेटी आणि दुसरी भाची ॲबिगेल. डॉक्टरांना कारण सापडेना, मग हे चेटूक आहे असं ठरलं. बघता बघता आणखी मुलींना तसेच झटके यायला लागले आणि त्या गावातल्या बायकांची नावं घ्यायला लागल्या.

या मुलींमध्ये प्रॉक्टरच्या घरी काम करणारी, साधारण 20 वर्षांची मेरी वॉरन पण होती. तिचे झटके प्रॉक्टरला सोंग वाटले. त्यानं तिला कामाला बसवलं आणि पुन्हा असं केलंस तर फोडून काढेन असा दम दिला. तिचे झटके थांबले. मार्चमध्ये त्यानं एका ओळखीच्या माणसाला उघडपणे सांगितलं, की या पोरींना चाबकानं बडवलं पाहिजे, नाहीतर त्या सगळ्या गावाला चेटकीण ठरवतील.

म्हणजे प्रॉक्टर काही साधू नव्हता. नोकरांवर हात उगारणारा आणि स्वतःच्या अकलेवर पक्का विश्वास असलेला माणूस होता. पण सेलममध्ये त्या वेळी मुली खोटं बोलतायत असं चारचौघांत म्हणणारे फार कमी होते, आणि तो त्यातला एक होता.

एप्रिलच्या सुरुवातीला त्याच्या बायकोचं नाव आलं. 11 एप्रिलला तिची चौकशी झाली, तेव्हा प्रॉक्टर तिच्या बाजूनं उभा राहिला. तिथंच मुलींनी त्याच्याकडे बोट दाखवलं. त्याच दिवशी नवरा-बायको दोघांना कोठडीत टाकलं. या प्रकरणात आरोपी म्हणून कोठडीत गेलेला तो पहिला पुरुष होता. मे महिन्यात त्याच्या तीन मुलांवरही आरोप झाले. आणि स्वतः पकडली गेल्यावर मेरी वॉरननंही मालकाविरुद्ध साक्ष दिली.

मालमत्तेवर डोळा

खटले चालवायला गव्हर्नर विल्यम फिप्स यांनी मे अखेरीस खास कोर्ट नेमलं. मुख्य न्यायाधीश होते विल्यम स्टॉटन. या कोर्टात एक भयंकर गोष्ट पुरावा म्हणून चालायची. अमक्याचं भूत रात्री येऊन माझा गळा दाबतं, असं एखादीनं सांगितलं की ते ग्राह्य धरलं जायचं. आरोपी त्या रात्री घरी झोपला होता हे सिद्ध करून उपयोग नव्हता, कारण आरोप त्याच्या भुतावर होता.

दुसरीकडं आरोपींची मालमत्ता जप्त करायचं काम शेरीफ जॉर्ज कॉर्विनकडे होतं. हा पंचविशीतला गडी कोण? तर न्यायाधीश जोनाथन कॉर्विन यांचा पुतण्या आणि दुसरे न्यायाधीश बार्थोलोम्यू गेडनी यांचा जावई. काकानं आणि सासऱ्यानं खटला चालवायचा आणि यानं घर साफ करायचं.

बोस्टनचे व्यापारी रॉबर्ट कॅलेफ यांनी नंतर आपल्या पुस्तकात प्रॉक्टरच्या घरी काय झालं ते नोंदवलंय. शेरीफनं गुरं नेली. काही अर्ध्या किमतीत विकली, काही कापून मांस वेस्ट इंडीजला पाठवायला ठेवलं. पिंप न्यायचं म्हणून त्यातली बिअर ओतून दिली. भांडं न्यायचं म्हणून त्यातलं कालवण सांडून दिलं. मागं राहिलेल्या पोरांना खायला काही ठेवलं नाही.

आणि तेव्हा प्रॉक्टरचा खटला उभाही राहिला नव्हता.

तुरुंगातून लिहिलेलं पत्र

प्रॉक्टरच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट घडली 23 जुलै 1692 ला. सेलमच्या तुरुंगातून त्यानं इंक्रीज मॅदर यांच्यासह पाच वजनदार धर्मोपदेशकांना पत्र लिहिलं.

खटल्याआधीच आम्हाला दोषी ठरवून झालंय, अशी त्याची तक्रार होती. आमची मालमत्ता उधळली गेलीय, हेही त्यानं लिहिलं. आमच्याविरुद्ध ज्यांच्या कबुल्या आहेत, त्यातल्या काही छळ करून घेतल्यात, असं सांगून त्यानं दाखले दिले. त्याचा मुलगा विल्यम कबुली देत नव्हता, म्हणून त्याची मान आणि टाचा एकत्र बांधून ठेवल्या, नाकातून रक्त येईपर्यंत. त्याच्या मुख्य मागण्या दोन होत्या. खटला बोस्टनला हलवा, आणि ते जमत नसेल तर निदान न्यायाधीश बदला.

आम्हाला सोडून द्या असं त्यानं म्हटलं नाही. त्याला हवा होता निष्पक्ष खटला.

त्याच्यासाठी इप्सविच आणि सेलमच्या 50 च्या आसपास लोकांनी अर्जावर सह्या केल्या. त्या दिवसांत ही मोठी जोखीम होती, कारण आज सही केली तर उद्या आपलंच नाव यायचं. पण काही उपयोग झाला नाही. 5 ऑगस्टला नवरा-बायको दोघांनाही दोषी ठरवून फाशी सुनावली. एलिझाबेथ गरोदर होती म्हणून तिची फाशी पुढे ढकलली.

जीव वाचवायचा एक मार्ग उघडा होता. आपण चेटूक केल्याचं कबूल करायचं. सेलममध्ये कबुली कायम ठेवणाऱ्या एकालाही फाशी झाली नाही. नाटकातला प्रॉक्टर सही करून मग कागद फाडतो. खऱ्या प्रॉक्टरनं कबुली दिलीच नाही. शेवटी त्यानं धर्मोपदेशक निकोलस नॉइस यांना माझ्यासोबत प्रार्थना करा म्हणून विनवलं. गुन्हा कबूल करत नाहीस म्हणून त्यांनी नकार दिला. मरणाची तयारी करायला थोडा वेळ मागितला, तोही मिळाला नाही. 19 ऑगस्ट 1692 ला त्याला आणखी चौघांसोबत फाशी दिली.

पुढे काय झालं?

29 ऑक्टोबरला फिप्स यांनी ते कोर्ट बरखास्त केलं. तोवर 19 जण फासावर गेले होते. 1693 च्या जानेवारीत नवं कोर्ट बसलं. त्यातले बरेचसे न्यायाधीश जुनेच होते, पण भुताची साक्ष आता चालणार नव्हती. तेवढ्यानं बहुतेक आरोपी सुटले. जे तिघं दोषी ठरले त्यांनाही गव्हर्नरनी वाचवलं.

त्याच जानेवारीत एलिझाबेथ तुरुंगात बाळंत झाली. मे महिन्यात ती सुटली, पण घरी तिला वेगळाच धक्का बसला. नवऱ्यानं तुरुंगात असताना केलेल्या मृत्युपत्रात तिला काहीच ठेवलं नव्हतं. त्यात फाशी सुनावल्यामुळं कायद्याच्या लेखी ती मेलेलीच होती, त्यामुळं हक्क सांगायलाही जागा नव्हती. कोणीतरी हे मृत्युपत्र रचून त्याच्यापुढं ठेवलं, असं म्हणत तिनं 1696 मध्ये अर्ज केला. अखेर 1711 मध्ये सरकारनं अनेकांची शिक्षा रद्द केली, त्यात जॉनही होता. प्रॉक्टर कुटुंबाला 150 पौंड भरपाई मिळाली. एकूण भरपाई होती 578 पौंडांची.

मिलर यांनी नाटक लिहिलं ते अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांची नावं मागितली जात होती तेव्हा. 1956 मध्ये संसदेच्या समितीनं त्यांनाही बोलावलं, आणि इतरांची नावं सांगायला त्यांनी नकार दिला. त्या काळाला नावासाठी मरणारा नायक हवा होता, आणि मिलर यांनी तो दिला.

पण खऱ्या प्रॉक्टरच्या पत्रात स्वतःच्या नावाबद्दल फारसं काही नाही. त्यात आहे छळ, जप्ती आणि आधीच ठरलेला निकाल. एका खानावळवाल्याला जे जुलैत कळलं होतं, ते सरकारला कळायला ऑक्टोबर उजाडला. फाशीची जागा नेमकी कुठं होती हे संशोधकांनी 2016 मध्ये नक्की केलं. तिचं नाव आहे प्रॉक्टर्स लेज. 2017 पासून तिथं दगडी स्मारक आहे आणि त्यावर फाशी गेलेल्या 19 जणांची नावं कोरलीत. त्यात जॉन प्रॉक्टरचंही आहे.