पटकी, तार आणि डॉ. ओशॉनेसी

रुग्णालयात हाताला लावलेली सलाईनची बाटली आणि घरात भिंतीवर लुकलुकणारा इंटरनेटचा राउटर यांचे काही नाते असेल, असे कोणाच्या मनातही येणार नाही. पण दोन्हींचा इतिहास मागे मागे शोधत गेले की एकच माणूस भेटतो. डॉ. विल्यम ब्रुक ओशॉनेसी. पेशाने डॉक्टर, आवडीने रसायनशास्त्रज्ञ आणि भारतभर पहिली तार ओढणारा माणूस. वैद्यकाच्या पुस्तकात त्याचे नाव एका ओळीत येते, टपाल-तार खात्याच्या इतिहासात दोन पानांत. दोन्हीकडचा माणूस एकच आहे हे सहसा कोणी सांगत नाही.

ओशॉनेसी मूळचा आयर्लंडमधील लिमरिकचा. जन्म १८०८ च्या सुमारासचा. १८२९ मध्ये तो एडिंबरा विद्यापीठातून डॉक्टर होऊन बाहेर पडला आणि लंडनला आला. तिथे प्रॅक्टिस करायला तिथल्या वैद्यकसंस्थेचा परवाना लागे आणि तो त्याला मिळेना. मग पोटासाठी त्याने रासायनिक तपासण्या सुरू केल्या. लहान मुलांच्या रंगीत मिठाईत विषारी धातूंचे रंग घालतात हे त्याने त्या काळात दाखवून दिले. दिवाळीच्या तोंडावर अन्नभेसळीच्या बातम्या वाचणाऱ्यांना हे काम ओळखीचे वाटेल.

१८३१ च्या हिवाळ्यात इंग्लंडमध्ये पटकी शिरली. पटकी म्हणजे कॉलरा. सुरुवात संडरलंड या बंदरातून झाली आणि हा विशीतला तरुण तिकडे धावला. त्या वेळचे उपचार काय होते? शिरेतून रक्त काढणे, जुलाबाची औषधे देणे, पारा आणि अफू. आधीच पाणी संपत आलेल्या शरीरातून आणखी पाणी काढायचे! ओशॉनेसीने रुग्णांचे रक्त तपासले. ते घट्ट आणि काळपट झालेले होते. त्यातले पाणी मोठ्या प्रमाणात कमी झाले होते, क्षारही कमी झाले होते, आणि हेच क्षार रुग्णाच्या पातळ जुलाबात सापडत होते. म्हणजे रुग्ण मरतो तो अंगातले पाणी आणि मीठ वाहून गेल्यामुळे. यावरून पुढचे पाऊल सरळ होते. जे गेले ते परत द्या, आणि तोंडावाटे टिकत नसेल तर शिरेतून द्या. १८३१ संपता संपता आणि १८३२ च्या सुरुवातीला ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकातून त्याने हे मांडले.

त्याने स्वतः मात्र कोणा रुग्णाला सलाईन लावले नाही. ते धाडस एडिंबराजवळच्या लीथ गावचे डॉ. थॉमस लाटा यांनी मे १८३२ मध्ये केले. त्यांची पहिली रुग्ण एक म्हातारी बाई होती. नाडी लागत नव्हती, अंग गार पडले होते. शिरेतून मीठपाणी गेले तशी ती बोलू लागली, आता बरे वाटते म्हणाली. डॉक्टर समाधानाने तिथून निघाले. जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी पुन्हा गेले, ते भरून द्यायला जवळ कोणी नव्हते आणि काही तासांत ती गेली. पुढच्या काही रुग्णांना गुण आला, पण बहुतेकांना हा उपाय अगदी शेवटच्या घटकेला केला जाई. सुया आणि नळ्या निर्जंतुक करायच्या असतात हे तेव्हा माहीतच नव्हते. १८३३ मध्ये लाटाही वारले. पद्धत मागे पडली, विसरली गेली. पुढे सुमारे सत्तर वर्षांनी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी ती नव्याने उभी केली तेव्हा कुठे पटकीचे मृत्यू कमी होऊ लागले.

मला या चरित्रातला सर्वांत बोचरा भाग हाच वाटतो. निदान बरोबर होते, उपाय बरोबर होता, तो छापूनही आला होता, तरी सत्तर वर्षे लाखो माणसे त्याच रोगाने त्याच पद्धतीने मेली. शोध लागला होता, पण तो खाटेपर्यंत सतत नेऊन पोचवणारी व्यवस्था नव्हती.

परवान्याचे काही जमेना, तेव्हा १८३३ मध्ये ओशॉनेसी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत वैद्य म्हणून कलकत्त्याला आला. १८३५ मध्ये तिथे मेडिकल कॉलेज निघाले आणि तो रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. हाताशी असलेल्या वस्तूंपासून काम भागवायचे, ही त्याची सवय इथे पक्की झाली. विलायती औषधे महाग आणि दुर्मीळ, म्हणून त्याने इथल्या झाडपाल्याची औषधे तपासून त्यांचे ग्रंथ तयार केले. गांजाचा औषध म्हणून शिस्तशीर अभ्यास करून तो पाश्चात्त्य वैद्यकात नेणाराही हाच. धनुर्वातातले आचके त्याने शांत होतात, हे त्याने नोंदवले. आज वेगवेगळ्या देशांत वैद्यकीय गांजावर जो वाद चालतो, त्याची सुरुवात अशी कलकत्त्यातली आहे.

आणि १८३९ मध्ये, हे सगळे चालू असताना, त्याने कलकत्त्याजवळच्या वनस्पती उद्यानात बांबूंवर मैलोगणती तार ओढली. विजेने निरोप पाठवण्याचे प्रयोग इंग्लंड-अमेरिकेत नुकतेच सुरू झाले होते. मोर्सची गाजलेली पहिली सार्वजनिक तार अजून पाच वर्षे दूर होती. ओशॉनेसीच्या प्रयोगात निरोप घेणारा माणूस तारेला बोट लावून बसे. विजेचा झटका बसला की खूण कळली! यंत्र नाही, टिकटिक नाही, बोटच यंत्र. परतीच्या तारेऐवजी हुगळीच्या पाण्यातूनच वीज परत आणता येते, हेही त्याने करून पाहिले. सरकारने मात्र लक्ष दिले नाही. तो पुन्हा औषधांकडे आणि टांकसाळीतल्या धातूंच्या तपासणीकडे वळला.

अकरा वर्षांनी गव्हर्नर जनरल डलहौसीने त्याला शोधून काढले. कलकत्ता ते डायमंड हार्बर ही पहिली लाइन १८५१ मध्ये उभी राहिली. तिच्या कामात टांकसाळीतला त्याचा सहकारी शिवचंद्र नंदी होता. तारेच्या कामात मोठी जबाबदारी पेलणारा हा पहिला भारतीय. पुढे कित्येक मैल लाइन त्याने स्वतःच्या देखरेखीखाली ओढली. त्याचे नाव ओशॉनेसीइतकेही कोणाला ठाऊक नसते.

युरोपात बारीक तार वापरत. ओशॉनेसीने इथे करंगळीएवढ्या जाडीची लोखंडी सळई वापरली. कारण? माकडे. इथे तारेवर माकडे झोके घेणार, घारी आणि गिधाडे बसणार, वळवाच्या वादळात फांद्या पडणार, बैलगाडी खांबाला धडकणार, खांबाला वाळवी लागणार. बारीक तार चार दिवस टिकली नसती. शिवाय जाड सळई बिघडली तर गावचा लोहारही जोडू शकतो. नदीतून तार नेताना होड्यांच्या नांगरांनी ती तुटू नये म्हणून त्याने ती साखळीला बांधून नेली. विलायतेतून येणारी नाजूक यंत्रे इथल्या दमट हवेत बिघडत, म्हणून त्याने स्वतःचे लहानसे, स्वस्त यंत्र तयार केले.

नोव्हेंबर १८५३ मध्ये मोठे काम सुरू झाले आणि मार्च १८५४ मध्ये सुमारे ८०० मैलांवरचे आग्रा कलकत्त्याशी जोडले गेले. त्याच वर्षी तार इंदूरमार्गे मुंबईला आणि मुंबईहून मद्रासकडे गेली. नकाशावर पाहिले तर हा विचित्र वळसा आहे. कलकत्त्याहून मुंबईला सरळ यायचे तर नागपूरवरून, म्हणजे आपल्या गोंदियाच्या बाजूने यायला हवे. पण सैन्य आणि सरकार यांना हवी होती ती आग्रा, दिल्ली, पंजाबची वाट. नागपूरचे राज्य तर १८५४ मध्येच खालसा झाले होते. गोंदियाच्या बाजूने सरळ वाट मिळाली ती १८८० च्या दशकात नागपूरहून राजनांदगावकडे रेल्वे गेली तेव्हा. रुळांच्या कडेने तारेचे खांब आले. आज हावडा-मुंबई मार्गावर त्याच रुळांच्या कडेने जमिनीखालून काचेचा धागा, म्हणजे ऑप्टिकल फायबर गेलेला आहे. रेल्वेची रेलटेल ही कंपनी हेच काम करते आणि रेलवायर या नावाने घरोघरी इंटरनेटही देते.

फेब्रुवारी १८५५ पासून तार सर्वसामान्यांसाठी खुली झाली. इथून ओशॉनेसीचे खाते हे आजच्या भाषेत सर्व्हिस प्रोव्हायडर झाले. पैसे भरा, शब्द मोजा, अंतर पाहा, निरोप द्या. तार कुठून कशी जाते हे ग्राहकाने जाणून घ्यायची गरज नाही. ती चालू ठेवण्याची जबाबदारी खात्याची.

इंटरनेट सेवा देणारी कंपनी नेमके काय करते, हा प्रश्न अनेक वाचकांना पडतो. ती इंटरनेट तयार करत नाही. इंटरनेट म्हणजे जगभरातली लहानमोठी संगणकजाळी एकमेकांना जोडून झालेले जाळे. कोणा एकाच्या मालकीचे नाही. सेवा देणारी कंपनी आपल्या घरापर्यंत वायर किंवा मोबाइलचा सिग्नल आणते, आपल्या जोडणीला एक क्रमांकाचा पत्ता देते आणि आपली माहिती पुढच्या मोठ्या जाळ्याच्या हवाली करते. गल्लीतला केबलवाला मोठ्या कंपनीकडून जोडणी घेतो, मोठी कंपनी समुद्राखालच्या केबलवाल्यांकडून. अशा केबलींपैकी कित्येक मुंबईत, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जमिनीवर येतात. मुंबईला समुद्रातून पहिली परदेशी तारही एडनमार्गे १८७० मध्येच आली होती. बंदर तेच, वाट तीच.

वेब आणि इंटरनेट या दोन गोष्टीही वेगळ्या. इंटरनेट हा रूळ, वेब ही त्यावरून धावणारी एक गाडी. ब्राउझर उघडून आपण जी पाने पाहतो ते वेब, आणि ते टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ नंतर जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत तयार केले. व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप, यूपीआयचे पैसे याच रुळावरच्या दुसऱ्या गाड्या.

तारेच्या काळात निरोप एका कचेरीत पूर्ण उतरवून घेत आणि तिथला माणूस तो पुढच्या कचेरीला पुन्हा पाठवी. इंटरनेटमध्ये निरोपाचे लहान तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. गोंदिया जंक्शन डोळ्यांपुढे आणा. नागपूर, रायपूर, बालाघाट आणि बल्लारशाह अशा चार दिशांना रूळ फुटतात. समजा तांदळाचे शंभर डबे रवाना करायचे आहेत. प्रत्येक डब्यावर पत्ता आणि अनुक्रमांक आहे. एक वाट अडली तर काही डबे दुसरीकडून जातील, मागचे पुढे पोचतील, आणि शेवटच्या स्टेशनावर क्रमांक पाहून ओळीने लावले जातील. एखादा हरवला तर तेवढाच पुन्हा मागवायचा. डबा कोणत्या रुळावर घालायचा हे ठरवणारा पॉइंट्समन म्हणजे राउटर. व्हिडिओ मध्येच थांबून गोल फिरू लागतो तेव्हा बहुधा काही डबे यायचे राहिलेले असतात.

भारतात सामान्य ग्राहकांसाठी ही सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी, मुंबईसह मोठ्या शहरांत, टेलिफोनच्या तारेवरून सुरू केली. आता ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची भारतनेट योजना आहे. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्ट्यात तिची खरी परीक्षा ओशॉनेसीची होती तीच आहे. माकडाऐवजी रस्त्याच्या कामावरचा जेसीबी, वाळवीऐवजी वीज गेल्यावर उतरलेली बॅटरी. केबल ओढणे सोपे, ती तुटल्यावर दुरुस्तीला माणूस किती वेळात पोचतो यावर सगळे अवलंबून.

ओशॉनेसीच्या तारेचे दुसरे अंगही सांगायला हवे. ती मुळात राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी होती. १८५७ च्या उठावात इंग्रजांना बातम्या वेळेत कळल्या त्या तारेमुळे, आणि उठाववाल्यांनी शेकडो मैल तार उखडली ती त्यामुळेच. १८५६ मध्ये त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली होती. तेव्हा देशभरात सुमारे ४,००० मैल तार पसरली होती.

१८६१ च्या सुमारास तो भारत सोडून इंग्लंडला परतला. एका वारशासाठी त्याने आडनाव बदलून ब्रुक केले, त्यामुळे लोकांना तो शोधणे आणखीच अवघड झाले. पुढची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे त्याने काही छापले नाही, कोणत्या वादात पडला नाही. ८ जानेवारी १८८९ रोजी साउथसी इथे त्याचा मृत्यू झाला. सलाईन तेव्हाही रुग्णालयात नेहमीची गोष्ट झालेली नव्हती.

त्याच्या मूळ कल्पनेने आणखी एक वळण घेतले ते १९७१ मध्ये. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत पटकी पसरली, सलाईन संपले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून ते तोंडावाटे द्यायला सुरुवात केली आणि पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांतले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. आपल्या आशाताईंच्या पिशवीत असते ते ओआरएसचे पाकीट याच घराण्यातले. आणि टपाल कचेरीतली तार? बीएसएनएलने ती जुलै २०१३ मध्ये बंद केली.