शेतकरीण लेखिका लॉराबाई वाइल्डर

सकाळच्या चुलीपासून रात्रीच्या झाकपाकीपर्यंत बाई किती राबते, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. अमेरिकेतील एका शेतकरणीने मात्र तो ठेवला, लोकांपुढे मांडला आणि पुढे जगभर वाचली जाणारी पुस्तके लिहिली. त्या लॉरा इंगल्स वाइल्डर यांची ओळख मंडळातील भगिनींना व्हावी, म्हणून हा लेख.

लॉराबाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८६७ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील पेपिन गावाजवळ झाला. वडील चार्ल्स यांना नव्या जमिनीची ओढ फार, त्यामुळे बालपण छकड्यातून गावोगाव फिरण्यात गेले. मिनेसोटात उभा गहू टोळांनी खाल्ला. धाकटा भाऊ तान्हा असतानाच दगावला. १८७९ साली थोरली बहीण मेरी आजारात आंधळी झाली. त्याच साली हे कुटुंब डाकोटात आले व डी स्मेट गावी स्थिरावले. गाव नवे, माणसे थोडी. तरी १८८० साली तेथे चर्च सुरू झाले आणि लॉराबाईंचे आईवडील त्याच्या पहिल्या सभासदांत होते. रविवारी कामाला हात न लावता प्रार्थनेला जायचे, हे वळण घरात आईने लावले. पुढे कोवळ्या वयातच लॉराबाईंनी खेड्यातील शाळेत शिकविले व त्या पगाराचा मेरीच्या शिक्षणाला हातभार लागला.

२५ ऑगस्ट १८८५ रोजी अल्मांझो वाइल्डर या शेतकऱ्याशी त्यांचा विवाह झाला. १८८६ साली कन्या रोझ जन्मली. परंतु संसाराची पहिली वर्षे फार कठीण गेली. दुष्काळाने पीक बुडाले. १८८८ साली दोघांनाही घटसर्प झाला व यजमानांचे पाय कायमचे अधू झाले. १८८९ साली मुलगा झाला, तो नाव ठेवण्यापूर्वीच गेला. त्याच महिन्यात घर जळाले. लॉराबाई गावात लोकांचे कपडे शिवून रोजी एक डॉलर मिळवू लागल्या. असे करून शंभर डॉलर गाठीला जमले. १८९४ साली छकडा जोडून तिघे मिसूरी राज्यातील मॅन्सफील्ड गावी आले आणि खडकाळ टेकडीवर चाळीस एकर जमीन घेतली. राहायला ओंडक्यांची एकच खोली होती, तिला खिडकीसुद्धा नव्हती.

सफरचंदाची झाडे फळाला येईपर्यंत खायचे काय? यजमानांनी जळाऊ लाकूड विकावे व लॉराबाईंनी अंडी विकावीत. दोघांनी ओढावयाच्या करवतीचे एक टोक त्या स्वतः धरीत. काही वर्षे गावात राहून खानावळही चालविली. पण त्यांचे खरे कसब कोंबड्या पाळण्यात! हिवाळ्यातही त्यांच्या कोंबड्या अंडी देत. हळूहळू जमीन वाढून दोनशे एकरांपर्यंत गेली, आणि १९१३ पर्यंत ऐसपैस घर उभे राहिले.

कोंबड्यांविषयी त्यांनी लिहून पाठविलेले भाषण एका सभेत वाचले गेले व संपादकाच्या कानी पडले, असे सांगतात. १९११ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, ‘मिसूरी रूरलिस्ट’ या शेतकऱ्यांच्या पत्रात त्यांचे लेख येऊ लागले. दूधदुभते, अंडी व परसबाग पाहणारी बाई ही शेतीतील बरोबरीची भागीदार आहे, हे त्यांनी पुनःपुन्हा समजावून सांगितले. त्या मेथडिस्ट चर्चमध्ये नेमाने जात आणि जवळच्या हार्टव्हिल गावच्या स्त्रियांच्या अभ्यासमंडळातही असत. शेतकऱ्यांना सरकारी कर्ज मिळवून देणाऱ्या संस्थेच्या त्या सुमारे दहा वर्षे चिटणीस व खजिनदार होत्या. दहा लाख डॉलरच्या जवळपास कर्जाचे काम त्यांच्या हातून झाले. ज्या हातांनी अंड्यांचा हिशेब ठेवला, तेच हात येथे कामी आले.

१९२९ च्या मंदीत घरची शिल्लक बुडाली. तेव्हा त्यांनी शाळेच्या वह्यांत पेन्सिलीने आपल्या लहानपणच्या आठवणी लिहून काढल्या. प्रकाशकांनी प्रथम त्या परत केल्या. रोझ स्वतः लेखिका होती. तिने लिखाण नीटनेटके करण्यास पुष्कळ साहाय्य केले. १९३२ साली पहिले पुस्तक निघाले तेव्हा लॉराबाई पासष्ट वर्षांच्या होत्या! १९४३ पर्यंत आठ पुस्तके झाली. लोणी घुसळणे, मांस धुरावून टिकविणे, हिमवादळात गवताचे पीळ करून जाळणे, हे सारे त्यांत आहे.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. कॅन्सासमध्ये त्यांच्या वडिलांनी घर बांधले ती जमीन ओसेज या मूळ रहिवाशांची होती. त्या लोकांविषयी पुस्तकांत आलेले काही लिखाण मन दुखविणारे आहे. म्हणूनच २०१८ साली अमेरिकेतील ग्रंथालय संघटनेने बालसाहित्याच्या एका सन्मानाला असलेले त्यांचे नाव काढले. आपल्या घराचे कष्ट ज्यांनी इतके बारकाईने पाहिले, त्यांना शेजारच्याचे दुःख पुरते दिसले नाही. आदर ठेवूनही हे विसरू नये.

१९४९ साली यजमान गेले. १० फेब्रुवारी १९५७ रोजी, नव्वदी पूर्ण होऊन तीनच दिवस झाले असता, लॉराबाईंनी त्याच घरात देह ठेवला.

भगिनींनो, लॉराबाईंनी चूल सोडून लेखणी धरली नाही. चुलीपाशी जे शिकल्या तेच लिहिले. आपल्यापाशीही सांगण्याजोगे पुष्कळ आहे. वय झाले, शिक्षण थोडे, म्हणून ते मनातच राहू देऊ नये.